वजन शिजवण्यापूर्वीचे

मी कुणाच्या वजनाविषयी आयुष्यात कधी चकार शब्द काढलेला नाही. जॉर्जियातल्या मेकन शहराच्या पोस्टात एकतीस वर्षं काउंटरमागे उभा होतो. लोकांनी माझ्या काट्यावर काय काय ठेवलं म्हणून सांगू. पीचचा मुरंबा, सुनेला न आवडलेले बूट, कोंबडीची जिवंत पिल्लं, आणि एकदा तर एका बाईंनी नवऱ्याच्या अस्थी ठेवल्या आणि म्हणाल्या, "एवढेच भरले? जिवंतपणी फार मिजास होती." मी वजन सांगितलं, तिकीट लावलं आणि "पुढचे" म्हणालो. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तोच काटा मला भेट दिला. अर्नेस्टीन, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "इतरांना निदान घड्याळ मिळतं."

तो काटा घरात आला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं ती अजून म्हणते. माझं म्हणणं असं की तो मासा पुरेसा असता तरी पुढचं काही घडलं नसतं. पण हा मुद्दा आमच्या घरात कुणी विचारात घेत नाही.

मी न्यू पिसगा बॅप्टिस्ट चर्चचा डीकन, म्हणजे कारभार बघणारा सेवक आहे, आणि आमच्याकडे प्रवचन नुसतं बोलत नाहीत. रेव्हरंड पिटमन सुरुवात करतात ती शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तशी. मग अर्ध्या तासाने आवाज हळूच एका सुरावर जाऊन बसतो, ब्रदर लूशस ऑर्गनवर त्याला बोट लावतो, आणि तिथून पुढे प्रत्येक वाक्य गाण्यात निघतं. ते एक ओळ सोडतात, लूशस तिला उत्तर देतो, मंडळी दोघांना उत्तर देते. हे ऐकण्यासाठी मी उपाशीपोटी दीड वाजेपर्यंत आनंदाने बसतो. मेथडिस्ट पंथाच्या चर्चमधलं बाराला संपतं. बारा वाजून दहा मिनिटांनी रस्त्यापलीकडच्या 'कॅप्टन बार्नबी' या माशाच्या हॉटेलातली सगळी टेबलं मेथडिस्टांनी धरलेली असतात. माझ्या मनात त्याबद्दल काही नाही. ज्यांना प्रवचन कमी लागतं त्यांना मासा लवकर लागतो, एवढंच.

त्या रविवारी नेहमीप्रमाणे बसायला जागा नव्हती, म्हणून मी 'जंबो जोना' घरी न्यायचा म्हणून घेतला. हे त्यांचं माशाचं सँडविच. दारावर चित्र आहे, माझ्या छातीएवढं: पावाच्या दोन्ही बाजूंनी सोनेरी मासा बाहेर लोंबतोय, आणि खाली लिहिलंय, 'अर्धा पौंड अस्सल मासा'. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "आजोबा, मोबाइलवर आमचं हे ॲप घेतलंत आणि इथे 'मान्य' दाबलंत तर गोड चहा फुकट." मी दाबलं. चहा चांगला होता. हे लक्षात ठेवा.

घरी येऊन पाव उघडला. अर्नेस्टीन हॅट काढता काढता थांबली. "काय शोधतोयस?"

"मासा."

"कोबी उचलून बघ."

कोबीखाली होता. जोनाची गोष्ट बायबलात आहे: मासा एवढा मोठा की त्यात देवाचा माणूस तीन दिवस राहिला. इथे पाव एवढा मोठा की त्यात मासा कायमचा राहायला गेला होता. मी रागावलो नाही. मी फक्त काटा टेबलावर ठेवला आणि मासा त्याच्यावर ठेवला. अर्धा पौंड म्हणजे आठ औंस, हे मला झोपेत कळतं. काटा सव्वातीनवर थांबला. तेही पिठाचं आवरण धरून.

"आता हा खाणार आहेस की टपालाने पाठवणार आहेस?" अर्नेस्टीनने विचारलं.

मी तो फ्रीजरमध्ये ठेवला आणि वर चिकटपट्टीवर तारीख लिहिली.

मी तक्रारखोर माणूस नाही. सोमवारी मी शांतपणे त्यांच्या व्यवस्थापकाकडे गेलो. ते माझ्याबरोबर दारापर्यंत आले, गुडघ्यावर बसले आणि चित्राच्या पार तळाशी बोट ठेवलं. तिथे मुंगी चालत गेल्यासारखं काहीतरी होतं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून मी वाचलं: 'वजन शिजवण्यापूर्वीचे. चित्र केवळ सूचक.'

"मग शिजवताना पावणेपाच औंस जातात कुठे?" मी विचारलं.

"सर, मासा आकसतो."

"माझी बायको चाळीस वर्षं मासा तळतेय. तिचा नाही आकसत."

"त्या घरगुती आहेत," ते म्हणाले. घरगुती. जणू तिच्यात काही खोट होती.

मग मी कंपनीच्या मुख्य कचेरीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की कंपनी आपल्या पाहुण्यांवर प्रेम करते. सोबत फुकट जंबो जोनाचं कूपन होतं. तो आणला, तोलला, तीन औंस भरला, आणि पहिल्याशेजारी फ्रीजरमध्ये गेला. म्हणजे तक्रारीने पाव औंस आणखी गेला. दुसरं पत्र लिहिलं असतं तर नुसता पाव आला असता.

आमच्या चर्चमध्ये दर बुधवारी प्रार्थनासभा असते आणि तिच्यात साक्ष देण्याची रीत आहे. ज्याला देवाने या आठवड्यात कशातून तारलं असेल त्याने उभं राहून ते सांगायचं. मी उभा राहिलो तो माझ्या गुडघ्याबद्दल बोलायला. देवाशपथ. पण तोंड उघडलं आणि बाहेर मासा आला. "खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे," हे नीतिसूत्रांतलं वचन ओठावर आलं, आणि मग सगळंच आलं: चित्र, कोबी, सव्वातीन. मंडळी म्हणाली, "सांगा, डीकन." मी सांगितलं. लूशसने ऑर्गनवर एक सूर सोडला आणि मी आणखी सांगितलं. कुणाच्या तरी नातीने ते मोबाइलमध्ये टिपलं, आणि शुक्रवारपर्यंत मेकनमध्ये ज्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं तेही मला "ओ, सव्वातीन" अशी हाक मारू लागले.

इथून पुढे सल्ले सुरू झाले. लूशस आमचा शेजारीही आहे, त्यामुळे त्याचा सल्ला दिवसातून दोनदा येई.

"डीकन, तू वकील कर. मोठ्या फलकावरचा."

"मला भांडायचं नाही. मला त्यांनी ते 'अर्धा पौंड' पुसायला हवंय."

"तेच. ते पुसायला वकील लागतो. तू नुसता फडकं घेऊन गेलास तर पोलीस येतील."

हमरस्त्यावर ज्यांचा चेहरा दुमजली घराएवढा लावलेला आहे ते ॲटर्नी फेअरक्लॉथ स्वतःच आले. प्रत्यक्षात ते खूप लहान निघाले. चित्र केवळ सूचक, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, म्हणाले की हा खटला माझा एकट्याचा नाही, जॉर्जियात ज्या ज्या माणसाने जोना खाल्ला त्या सगळ्यांचा आहे, आणि मी त्यांना गुलामीतून सोडवणारा मोझेस आहे. मोझेस वचनदत्त भूमीत पोचला नाही, हे सांगायचं ते विसरले.

पुराव्यासाठी आधी काटा तपासायला हवा होता. वजनमापाच्या खात्यातून एक गृहस्थ आले. त्यांनी पितळी वजनं मांडली, उचलली, पुन्हा मांडली, आणि काटा अगदी अचूक असल्याचं सांगितलं. "पण हा पत्रांचा आहे. खाद्यपदार्थ याच्यावर मोजण्याचा परवाना नाही."

"अहो, औंस तो औंस."

"तुमच्यासाठी. खात्यासाठी नाही. तुम्ही हा मासा पाकिटात घालून, पत्ता लिहून आणलात तर मी त्याचं वजन मान्य करू शकतो. मग तो टपाल होतो."

मी पाकीट आणायला उठलो, फ्रीजर उघडला, तर एकही मासा नाही. अर्नेस्टीनला विचारलं. ती म्हणाली, "लूशस आला होता सकाळी, तुझी वाट बघत बसला होता." कुंपणावरून लूशसला हाक मारली.

"चिकटपट्टीवर तारीख होती ना रे? पुरावा होता तो."

"मला वाटलं, त्या तारखेच्या आत खायचा असेल. तारीख उलटून गेली होती, म्हणून मी घाईच केली." मग म्हणाला, "दोन्ही मिळून पोट भरलं नाही, डीकन. हवं तर मी तशी साक्ष देतो."

कोर्टात मात्र या कशाचीच गरज पडली नाही. कंपनीचे वकील पाच होते. त्यांच्यातल्या सगळ्यात तरुणाने उठून एकच कागद न्यायाधीशांपुढे ठेवला. मी गोड चहासाठी जे 'मान्य' दाबलं होतं त्याच्यामागे त्रेसष्ट पानं होती, आणि एकेचाळिसाव्या पानावर मी कबूल केलं होतं की कंपनीविरुद्ध कधीही कोर्टात जाणार नाही. भांडण झालंच तर ते कंपनीने निवडलेल्या पंचासमोर, कंपनीने निवडलेल्या शहरात होईल. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे वाचलं नव्हतंत?"

"बाई, माझ्या हातात चहा होता."

ॲटर्नी फेअरक्लॉथ त्यानंतर फोनवर कधी सापडले नाहीत. हमरस्त्यावर ते अजून हसतात. एका पेल्यात बर्फ आणि साखर घालून माणसाचा न्यायाचा हक्क विकत घेता येतो, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. बायबलातल्या एसावने आपला थोरलेपणाचा हक्क निदान वाटीभर मसुरीच्या आमटीला विकला होता. त्यात पोट तरी भरलं असेल.

मी हे सगळं गिळून टाकलं असतं. पण जुलै आला आणि चर्चचा एसी मेला. आमच्याकडचा जुलै म्हणजे ओल्या घोंगडीत गुंडाळून कुणीतरी तुमच्यावर बसावं तसा. सगळी मंडळी अंत्यविधीवाल्यांनी वाटलेले पुठ्ठ्याचे पंखे हलवत बसली. पंख्याच्या एका बाजूला येशू, दुसऱ्या बाजूला त्यांचा फोन नंबर. तिसऱ्या रविवारी आमच्या चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, मदर ड्रुसिला बॉइड, बाकावरून घसरल्या. त्या एक्याण्णव वर्षांच्या आहेत. मला त्यांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यातून बाहेर येताना टॉवेलात धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता हा उन्हाळाभर त्यांना चर्चला आणू नका. मदर म्हणाल्या, "मला देवाच्या घरी यायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही." आणि पुढच्या रविवारी त्या आल्या, हातात ओला रुमाल आणि ओठ राखेसारखे.

त्याच आठवड्यात कंपनीच्या 'समाजस्नेह विभागा'च्या मिस प्रुइट आल्या. ज्यांना माणसं उपाशी ठेवायची असतात त्यांनाच स्नेहाचा वेगळा विभाग उघडावा लागतो. बाई गोड होत्या. म्हणाल्या, तुमचं ते साक्षीचं चित्रण बघून लोक दुकानात वजनकाटे घेऊन येतात, कंपनीला फार वाईट वाटतं. म्हणून कंपनी चर्चला नवा कोरा एसी भेट देणार होती. बदल्यात एवढंच, की डीकननी रविवारी व्यासपीठावरून एक निवेदन वाचायचं.

रेव्हरंड पिटमननी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर करार होता आणि त्याच्यावर निवेदन.  त्यांनी कॉलर सैल केली आणि ते पंखा हलवत राहिले.

"रेव्हरंड, मी मंडळीसमोर देवाला साक्षी ठेवून बोललो होतो. आता तिथेच उभं राहून म्हणू की चुकलं?"

"मी तुम्हाला वाचा म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण मदर बॉइड घरी राहणार नाहीत, हेही मला ठाऊक आहे."

मी मदरकडेच गेलो. त्या पोर्चवर वाटाणे सोलत होत्या. सगळं ऐकलं. "पोरा, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. खोट्याच्या गारव्यात बसण्यापेक्षा खऱ्या घामात बसेन." मग हात पुढे केला. "बघू काय लिहिलंय."

मी वाचून दाखवलं: 'माझा गैरसमज झाला होता.'

"झाला होता का?"

"म्हणजे… मला अर्धा पौंड वाटला होता."

"मग झालाच की. पुढे?"

'माशाचे वजन शिजवण्यापूर्वीचे आहे.'

"हेही खरं. पुढे?"

पुढचं सगळं वाचून झाल्यावर त्यांनी एक वाटाणा तोंडात टाकला. "यात खोटं एकच वाक्य आहे, ते शेवटचं, प्रेमाचं. ते हळू वाच."

मी होकार कळवला. करारात पाच वकिलांनी मिळून लिहिलं होतं: डीकनने निवेदन पूर्ण वाचावे, एकही शब्द गाळू नये, एकही शब्द पदरचा घालू नये, वाचन पूर्ण होताच एसी चर्चच्या मालकीचा होईल. मी आणि रेव्हरंडनी सह्या केल्या. या वेळी मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. चहा देऊ केला होता, मी घेतला नाही.

शनिवारी क्रेनने एसी छतावर चढवला, पण वाचन होईपर्यंत चालू करायचा नाही असं ठरलं होतं. रविवारी चर्च खचाखच भरलं. बॅप्टिस्ट माणूस पुढच्या बाकावर बसत नाही; तो देवाला मागच्या बाजूने भेटतो. त्यामुळे पहिल्या बाकावर मिस प्रुइट एकट्याच होत्या, मांडीवर करार. अर्नेस्टीन पाचव्या बाकावर माझ्याकडे न बघता बसली होती. ते मला जास्त लागलं.

मी कागद धरला.  "माझा गैरसमज झाला होता," मी वाचलं आणि तिथेच अडखळलो. मला पुढचं दिसेना.

आमच्याकडे व्यासपीठावरच्या माणसाला कुणी एकटं सोडत नाही. तो अडखळला की मंडळी हात देते, ही शंभर वर्षांची सवय आहे. मागून मदर बॉइडचा बारीक आवाज आला, "सावकाश, पोरा, सावकाश." दुसरं कुणी म्हणालं, "कसला गैरसमज, डीकन?" आणि लूशसने, ज्याची बोटं कुणी श्वास घेतला की आपोआप खाली जातात, एक सूर दाबला.

"माझा गैरसमज झाला होता," मी पुन्हा वाचलं, आणि काय सांगू, आवाज जाऊन त्या सुरावर बसला. आयुष्यभर ऐकलेलं सगळं घशात उभं राहिलं.

"कसला, डीकन?"

"माशाचे वजन," मी म्हणालो.

"किती होतं?"

"शिजवण्यापूर्वीचे आहे."

"शिजवण्यापूर्वी," मंडळी म्हणाली.

"शिजवण्यापूर्वीचे आहे."

"आणि शिजवल्यावर?"

याचं उत्तर निवेदनात नव्हतं, आणि पदरचा शब्द घालायचा नव्हता. मी नुसता कागद उंच धरला. लूशसने एक लांब, रिकामा सूर सोडला, आणि अख्ख्या चर्चला उत्तर कळलं.

"चित्र," मी गायलो.

"चित्राचं काय?"

"चित्र केवळ सूचक आहे."

"बोला, डीकन."

"प्रत्यक्ष पदार्थ वेगळा असू शकतो."

"असू शकतो," पुरुष म्हणाले. "असतोच," बायका म्हणाल्या. अर्नेस्टीन उभी राहिली होती. हॅट तिरकी झाली होती, तिचं लक्ष नव्हतं. रेव्हरंड पिटमन, ज्यांनी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं, ते रुमाल फिरवत होते. निवेदन पाच ओळींचं होतं. ते वाचायला मला एकोणीस मिनिटं लागली. शेवटी सगळं एकदम शांत झालं, आणि मदरने सांगितलं होतं तसं मी हळू, अगदी हळू वाचलं:

"कंपनी आपल्या पाहुण्यांवर प्रेम करते."

कुणी आमेन म्हटलं नाही. मागच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ हसू लागले, आणि मग ते हसू बाकाबाकाने पुढे येत पहिल्या बाकापर्यंत आलं. तिथे थांबलं.

मिस प्रुइट उठल्या. "हा कराराचा भंग आहे."

रेव्हरंडनी करार मागून घेतला, चष्मा लावला, आणि कुंपणावरच्या आवाजात विचारलं, "यांनी कुठला शब्द गाळला?"

"कुठलाच नाही, पण…"

"कुठला घातला?"

"लोकांनी घातले ना."

"लोकांची सही इथे नाही, बाई." त्यांनी पान उलटून पाहिलं. "आणि किती वेळा वाचायचं, किंवा कुठल्या सुरात, हे तुमच्या पाच जणांना लिहायचं सुचलं नाही."

पाच जणांनी नंतर एक पत्र पाठवलं. पण तोवर हे नवं चित्रण राज्यभर पोचलं होतं, आणि एक्याण्णव वर्षांच्या बाईच्या डोक्यावरून एसी उतरवून नेणारी कंपनी हे चित्र सूचक म्हणूनसुद्धा चांगलं दिसलं नसतं. त्यांनी गप्प बसणं पसंत केलं. दारावरचा फलक एका मंगळवारी गुपचूप बदलला. आता तिथे 'अर्धा पौंड' नाही. 'भरपूर' असं लिहिलंय. भरपूर कुठल्याच काट्यावर मोजता येत नाही. तो धडा ते माझ्याकडून शिकले, याचा मला अभिमान वाटावा की काय, ते ठरत नाही.

आणि एसी. चालू केला तेव्हा मंडळींनी टाळ्या वाजवल्या, मग थांबून वाट पाहिली. गार वारा पहिल्या तीन बाकांपर्यंत आला आणि तिथेच संपला. लूशस शिडी लावून छतावर चढला आणि यंत्राच्या पोटाखालचा बिल्ला वाचून खाली आला. 'क्षमता रिकाम्या सभागृहात मोजलेली,' असं होतं.

परंतु देवाची करणी बघा. तीस वर्षं रेव्हरंड पिटमन लोकांना विनवत होते की पुढे येऊन बसा. गाऊन सांगितलं, रडून सांगितलं, नरकाची भीती घातली. कुणी हललं नाही. आता साडेनऊलाच पहिले तीन बाक भरतात, आणि मधोमध मदर बॉइड बसतात, खांद्यावर शाल घेऊन. परवा मला म्हणाल्या, "पोरा, तो जरा कमी करायला सांग. थंडी वाजते."

अर्नेस्टीनची हॅट ठरेपर्यंत दहा वाजतात, त्यामुळे आम्ही दोघं शेवटच्या बाकावर असतो. मी अंत्यविधीवाल्यांचा पंखा हलवतो. प्रवचन आता पावणेदोनपर्यंत जातं, कारण समोरची माणसं गारव्यात बसलेली असतात आणि रेव्हरंडना वाटतं, सगळीच आनंदात आहेत. रस्त्यापलीकडची टेबलं मेथडिस्टांना लखलाभ. आम्ही घरी जातो आणि अर्नेस्टीन मासा तळते.

परवा ताटात वाढलेला तुकडा मला जरा लहान वाटला. काटा शेजारच्याच कपाटात होता. तिने माझी नजर कपाटाकडे जाताना पाहिली आणि झारा हातात तसाच धरून विचारलं, "काय?"

"काही नाही," मी म्हणालो. "आमेन."